अकरा महिन्यांत शिकवलं काय?

रविवारी अक्काचा फोन येतो तेव्हा इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये सकाळ असते, तिकडे सोलापुरात जेवणं उरकलेली. या वेळी भाचा बोलला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तो एका कार्यालयात होता. आधी सहा महिने, मग वाढवून मिळालेले पाच. बारावीवर महिना ६००० रुपये. "मामा, कायम करा म्हणून पोरं आंदोलन करायलेत. तुमाला काय वाटतं?"

मी विचारलं, शिकलास काय? तो जरा थांबला. "झेरॉक्स काढल्या. जावक रजिस्टर लिहिलं."

कायम करण्याची मागणी मला कळते. मांडीवर सूप घेऊन आई दिवसभर विड्या वळते अशा घरात ६००० म्हणजे महिन्याचा किराणा. आमचंही घर विड्यांवरच चाललं. पण सगळा वाद महिन्यांचा आणि पैशांचा चाललाय. शिकवलं काय, हे कोणी विचारत नाही.

माझ्या कारखान्यात दर सप्टेंबरला सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. यंत्र जोडणी-दुरुस्तीच्या कामाला साडेतीन वर्षांचा लेखी करार होतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले शाळेत, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. आज काय केलं ते मुलगा वहीत लिहितो, शिकवणारा त्यावर सही करतो. सुरुवातीचे कित्येक दिवस नुसती कानस चालवायची! शेवटची परीक्षा मालक घेत नाही, उद्योग मंडळ घेतं. म्हणून तो कागद दुसऱ्या कारखान्यातही चालतो.

इथंही सगळ्यांना न्याय मिळतो असं नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते, आणि शाळेचा दाखला नसलेल्याला करार मिळणं फार अवघड. अशांतल्या काहींना आधी काही महिने कारखान्यात ठेवतात. पुढे करार झाला तर तो काळ त्यात धरता येतो. भाच्याचे अकरा महिने मात्र कशातच धरले जाणार नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

कायदा आपल्याकडे नाही असंही नाही. आपला शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा, जर्मनीचा व्यवसाय शिक्षण कायदा १९६९ चा. आणि सोलापुरात शिकायला काम कमी आहे का? टॉवेलच्या यंत्रमागाला जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, लागतो, युनिफॉर्मच्या कारखान्याला कटिंग मास्टर लागतो. ही माणसं वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली, बघून बघून तयार झाली. त्यांच्या हातात ना कागद, ना कुणाची सही.

भाच्याला म्हटलं, गल्लीतल्या जॉबरकाकांच्या हाताखाली जाशील का? "जातो की मामा. दोन वर्षं जातो. पण तोवर आईच्या हातात काय देऊ?"

ते ६००० रुपये तिथे द्यायला हवेत, आणि जॉबरकाकांनाही शिकवण्याचे वेगळे.