१९ लिटर काडेचिराईत

लहानपणी ताप आला की आजी काडेचिराईत भिजत घालायची आणि वाटी दिसताच मी ताप उतरल्याचं जाहीर करायचो. पाडव्याची कडुनिंबाची चटणी मी वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात घालून बाहेर नेली आहे. तोच मी, चाळिशी उलटल्यावर, ऑरेगनमधल्या हिल्सबरोच्या घरात, घरी बिअर करायची म्हणून पदरचे डॉलर मोजून आणलेला कडू पाला तासभर ढवळत उभा होतो.

याला कारण आमचा मुलूख. इथून दीड तासावर कोरव्हॅलिस आहे. तिथल्या विद्यापीठात सरकारी संशोधकांनी हॉप्सचा कॅस्केड नावाचा वाण तयार केला आणि १९७२ साली तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. त्याच्यामुळे अमेरिकन पेल एल या बिअरचा ग्लास नाकाशी नेला की ग्रेपफ्रूटची साल आठवते. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी, एका वेलीची मादी फुलं. वेल गांजाच्या कुळातली. हे घरात सांगायचं नसतं. मी सांगितलं.

मग कायदाही सांगावा लागला. १९७८ च्या कायद्याने इथे घरी पिण्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक आहे. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. बायको बिअरला शिवत नाही, पण हिशेबाला पक्की. "म्हणजे शंभर गॅलन माझ्या वाटणीचे. विकता येतील?" विकता येत नाहीत म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला.

नवशिक्याने माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून सुरुवात करावी म्हणतात. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड अर्क काढून कोणीतरी आधीच आटवून ठेवलेला असतो. डबा उघडला आणि मी गहिवरलो. काकवी! तोच रंग, तसाच चिकटपणा, चमच्यावरून पडताना तोच आळस. दीड-दीड किलोचे दोन डबे पातेल्यात रिकामे केले, वर अर्धा किलो कोरडा अर्क. थोडी काकवी शेगडीवर, थोडी ड्रॉवरच्या मुठीवर आणि थोडी माझ्या कोपरावर गेली. कोपरावरची दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडली.

हॉप्स मिळतात ते दाबलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात. दिसायला थेट कोंबडीखाद्य. सगळं शास्त्र ते कधी घालायचे यात आहे. सुरुवातीला घालून तासभर उकळले की कडूपणा उतरतो. शेवटी, आच बंद करताना घातले की वास टिकतो, कारण वासाची तेलं उकळीत उडून जातात. कोथिंबीर शेवटी घालतात हे ज्याला कळतं त्याला हे कळायला हरकत नव्हती. कागदावर स्पष्ट होतं: आधी एक औंस, शेवटी तीन. पण चष्म्यावर वाफ धरलेली. मी आधी तीन औंस ओतले.

ती चूक लक्षात यायलाही उसंत मिळाली नाही. उकळत्या अर्कात हॉप्सची भुकटी पडली की फेस कसा उसळतो हे मी वाचलं होतं. दूध उतू जाताना निदान क्षणभर आधी कडेशी चाहूल लागते. इथे हिरवा फेस थेट पातेल्याबाहेर आला, विजेच्या शेगडीच्या तापल्या वेटोळ्यावर पडला, जळला, आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. बायको टॉवेल फडकावत भोंग्याखाली उभी. "तुझ्या हॉबीज बसून करायच्या का नसतात रे?"

पुढचं काम म्हणजे भांडी घासणं. होय, तेच. उकळी थांबल्यानंतर त्या अर्काला जे जे लागणार ते सगळं आधी घासून मग जंतुनाशकात बुडवायचं: बादली, झाकण, नळी, चमचा, आणि दूध डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा चुलतभाऊ शोभेल असा तो हायड्रोमीटर. पातेलं बाथटबमध्ये बर्फात बसवलं. गार झाल्यावर पाणी घालून १९ लिटर केलं, यीस्ट भुरभुरलं आणि बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवली. रात्री तिथून 'बुळूक' असा आवाज यायचा. थोड्या वेळाने पुन्हा बुळूक. मी समाधानाने कूस बदलायचो. बायको नुसतीच कूस बदलायची.

दहाव्या दिवशी आणखी दोन औंस कॅस्केड कोरडेच सोडायचे होते, पुरचुंडीत बांधून. सोबत आलेली जाळीची पिशवी फाटलेली निघाली. ड्रॉवरमध्ये स्वच्छ, पांढरं मलमलचं फडकं होतं. पाच दिवसांनी ते तीनदा धुतलं, वाळवलं, घडी करून जागच्या जागी ठेवलं. याची वाच्यता केली नाही.

बाटल्या भरायच्या दिवशी पन्नास बाटल्या घासल्या. सगळ्या तपकिरी, कारण उजेड लागला की हॉप्सची बिअर घाण वास मारते. बायको स्टूल ओढून शेजारी बसली आणि मोजू लागली. "लग्नाला बारा वर्षं झाली. आज तू तेव्हापासूनचा सगळा अनुशेष भरून काढलास." ही आमच्याकडे स्तुती समजतात.

पाडव्याला तीन कुटुंबं जेवायला. सणाच्या दिवशी घरात बाटली नको, या अटीवर पुरुषमंडळी गॅरेजमध्ये गेली. मी पहिली बाटली उघडली. फेस छान आला, रंग मधासारखा. नागपूरच्या मित्राने घोट घेतला आणि बराच वेळ गराजच्या दाराकडे पाहत राहिला. "मधुमेहासाठी आहे का बे हे?" दुसऱ्याने विचारलं, घरात साखर आहे का. मी चाखली. आजी भेटली. आम्ही वर चिवडा खाल्ला, तर हिरव्या मिरचीचा जाळ दुप्पट झाला. चौघांत मिळून एक बाटली संपली. एकोणपन्नास उरल्या.

पानावर बसलो. पुरी तोडून श्रीखंडात बुडवली आणि घास जिभेवर येताच मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ग्रेपफ्रूटची साल. थोडी पाइनची झाक, आणि मागे अगदी पुसटसा कडवटपणा. त्या मलमलच्या फडक्यात बायकोने आदल्या रात्री चक्का बांधला होता.

"वहिनी," नागपूरकर दुसरी वाटी पुढे करत म्हणाला, "काय घातलंय यात? असं श्रीखंड आयुष्यात खाल्लं नाही."

बायकोने बोटभर चाखलं. माझ्याकडे पाहिलं. फडक्याच्या ड्रॉवरकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"माझी स्वतःची रेसिपी आहे," ती म्हणाली. "पण फार भांडी घासावी लागतात हो."