‘एमटीआय जास्त आहे’

गेल्या मंगळवारी भाचीचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीच्या मुलाखतीत तिसऱ्या फेरीला तिला बाहेर काढलं. “मावशी, ते म्हणाले एमटीआय जास्त आहे.” पुढे बराच वेळ ती काही बोललीच नाही.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एमटीआय म्हणजे ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, इंग्रजी बोलण्यावर दिसणारी मातृभाषेची छाप. कॉल सेंटरच्या जगात हे दोषाचं नाव आहे. मी नऊ वर्षं तिथे व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर होते, म्हणजे इंग्रजी उच्चार शिकवायचे, आणि कितीतरी मुलामुलींच्या फॉर्मवर ‘हाय एमटीआय’ हा शेरा मी माझ्या हाताने मारलाय. त्याचं मला आज वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

भाची लातूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी फोनवर तिची तयारी घेतली होती. पाऊण तासात एकही वाक्य मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

ही छाप येते कुठून, ते वर्गात मी कागदाची पट्टी धरून दाखवायचे. तोंडासमोर पातळ कागद धरा आणि ‘पार्क’ म्हणा. आपला कागद जेमतेम हलतो. इंग्रज किंवा अमेरिकन माणसाचा चांगलाच फडफडतो, कारण त्यांच्या शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये हवेचा झोत असतो. आपल्याकडे झोत आला की अक्षरच बदलतं, प चा फ होतो, ‘पळ’चं ‘फळ’ होतं. म्हणून आपण तो झोत कटाक्षाने टाळतो. आता गंमत अशी की झोत नसलेला आपला प त्यांच्या कानाला ब च्या जवळचा वाटतो. आपण ‘पिन’ म्हणतो, त्यांना क्वचित ‘बिन’ ऐकू येतं. यात निष्काळजीपणा कुणाचाच नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या भाषेशी प्रामाणिक आहेत.

तीच गोष्ट ‘व्ह’ची. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आपण वेगळे लिहितो आणि वेगळे बोलतोही, पण आपला व्ह म्हणजे व ला ह ची जोड. त्यांचा व्ह वरचे दात खालच्या ओठावर टेकवून येतो. आपण फरक करत असतो, पण त्यांचे कान तो फरक भलत्याच जागी शोधत असतात.

आणि हे कान फार लवकर घडतात. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या बाळांवर केलेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात हिंदीतला ट आणि त होता, म्हणजे आपलाच. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो ओळखता येईना. वर्ष पुरं व्हायच्या आत कानाने ठरवून टाकलेलं असतं की आपल्या घरात कोणते फरक कामाचे आहेत. बाविसाव्या वर्षी पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये आम्ही हे उलटवायला निघालो होतो.

मला हे नोकरी सोडल्यावर वाचनात आलं, आधी यायला हवं होतं. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये चिनी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी इंग्रजीभाषकांना ऐकवलं आणि जे ऐकलं ते लिहून काढायला सांगितलं. ज्या वाक्यांना ‘ॲक्सेंट खूप जड’ असे गुण मिळाले, त्यांतली कितीतरी ऐकणाऱ्यांनी शब्द न् शब्द बरोबर लिहिली होती. वेगळं वाटणं आणि न समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत! आणि आमच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना एकच होता.

डोनाल्ड रुबिन यांचा अमेरिकेतला १९९२चा प्रयोग तर मला अस्वस्थ करतो. अमेरिकन बाईंचं एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान, ऐकवताना समोर फोटो मात्र काहींना गोऱ्या बाईचा, काहींना आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका ॲक्सेंट ऐकू आला आणि त्यांना व्याख्यान समजलंही कमी. म्हणजे न समजण्यातला काही भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतो.

पण कान हट्टी असले तरी ते सरावतातही. अनोळखी ॲक्सेंटच्या इंग्रजीने सुरुवातीला ऐकणाऱ्याचा वेग मंदावतो, पण मिनिटभरातच तो बराचसा सावरतो, हेही प्रयोगांतून दिसलंय. एक मिनिट, बस्स. ट्रेनिंगचा सगळा खर्च बोलणाऱ्यावर होतो, ऐकणाऱ्याकडून तेवढं मिनिटही कुणी मागत नाही. आता तर बोलता बोलता ॲक्सेंट बदलून देणारं सॉफ्टवेअर कॉल सेंटरांत आलंय.

काहीच शिकवू नये असं मी म्हणत नाही. इंग्रजी शब्दात जोर चुकीच्या अक्षरावर पडला तर ऐकणारा खरंच अडखळतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये आपण सुरुवातीला जोर देतो, त्यांच्याकडे तो दुसऱ्या अक्षरावर असतो. असं काही असेल ते जरूर शिकवावं, आणि वेग कमी करायलाही शिकवावं. ट-ड ची लातुरी धाटणी राहू द्यावी.

हे लिहिताना आमच्या सोसायटीचे वॉचमन काका सारखे आठवतायत. ते उत्तर प्रदेशचे, घरी अवधी बोलतात. दोन वर्षांपूर्वी हौसेने मराठी शिकायला लागले होते. एकदा म्हणाले, “ताई, वरचा नल चालू राहिला.” शेजारी उभे असलेले सगळे हसले. ‘ळ म्हण, ळ!’ असं कुणीतरी म्हणालं. त्यांच्या भाषेत ळ नाही. इंग्रजांच्या कानाला आपला ट-त जसा, तसा त्यांना ल-ळ. आणि च तर आपण लिहितो एकच, पण ‘चार’मधला निराळा आणि ‘चाळ’मधला निराळा. पाटी वाचून शिकणाऱ्याला हे कसं कळणार?

त्या दिवसानंतर ते हिंदीतच बोलायला लागले आणि आम्ही सगळेही. त्या हसणाऱ्यांत मी होते. भाचीच्या फोनपर्यंत हे दोन प्रसंग एकच आहेत असं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

शनिवारी खाली गेले आणि मराठीत विचारलं, “काका, टँकर किती वाजता येणार?” ते आधी हिंदीत सुरू झाले, मी मराठीतच बोलत राहिले. थोडे थांबले, मग म्हणाले, “सात वाजता. आज नल बंद राहणार, ताई.”

मी वर येऊन बादल्या भरून ठेवल्या.