मध्ये काय लागतं?

मामा रामबागेतून खास चौकशीला आले होते. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत म्हणाले, "बोटीनं गेलात म्हणे अमेरिकेला. मध्ये काय काय लागतं?"

"बोट लागते," मी म्हणालो.

पहिले दोन दिवस ती खरोखरच लागली. खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात, हे ज्ञान मला वरच्या मजल्यावर, पार पुढच्या टोकाला, पलंगाची कड धरून झालं. हिनं घरून आणलेल्या आल्याच्या वड्यांवर तग धरला.

"तसं नाही रे. गाव कुठलं लागतं?"

"साउदम्प्टन सोडलं की थेट न्यूयॉर्क. सात रात्री. मध्ये नुसतं पाणी."

मामांचा चमचा थांबला. "विमान आठेक तासांत जातं ना?"

आता यांना काय सांगणार? आमच्या शहरात नर्मदा 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढ चढून येते आणि नळाला एक दिवसाआड दर्शन देते. तिथं राहून पैसे मोजून आठवडाभर पाणीच बघून आलो, हे बोलायला छाती लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, हे शाळेत पाठ केलं होतं. ती सपाटी बघायचा योग साठीत आला. अजिबात सपाट नसते ती.

तिसऱ्या दिवशी पोट स्थिरावलं आणि दुसरंच दुखणं सुरू झालं. इंदुरी माणूस कामाशिवाय मजेत राहतो, पण कुठेतरी गेल्याशिवाय नाही. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत चक्कर झाली नाही तर त्याला कणकण वाटते. मी डेकवर फेऱ्या मारल्या. डावीकडचा समुद्र पाहिला, मग उजवीकडे जाऊन तोही तसाच असल्याची खात्री करून घेतली. बोट ताशी 35-40 किलोमीटरनं चालली होती. पलासियाहून राजवाड्याला स्कूटरवर जाताना आपण ज्या वेगाची स्वप्नं बघतो, साधारण तेवढा.

दुपारी बाराला कप्तान आपण कुठे आहोत, वारा किती, खाली समुद्र किती खोल, हे ध्वनिक्षेपकावरून सांगायचा. आधी ती हजारो मीटर खोली ऐकून घास अडकायचा. चौथ्या दिवसापासून मी तिची वाट बघायला लागलो. "आज कालच्यापेक्षा जास्त आहे," असं शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज आजोबांना सांगायचो, जणू रात्रीत मीच खणून ठेवलं होतं.

त्यात दिवस संपता संपेना. पश्चिमेकडे जाताना रात्री घड्याळ तासभर मागे करतात. 7 पैकी 5 रात्री आमचं केलं. घरच्या वेळेशी साडेचार तासांचं अंतर होतं, ते साडेनऊवर गेलं. पंचवीस तासांचा दिवस! नोकरीत असताना हाच एक तास जन्मभर मागत होतो. मिळाला तेव्हा झोपून काढला. (रक्तदाबाची गोळी कुठल्या घड्याळानं घ्यायची, हा वाद मात्र न्यूयॉर्कपर्यंत चालला.)

इंटरनेट महाग, म्हणून कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद. कचऱ्याची गाडी आली की नाही, कुणाच्या गाडीनं कुणाचं फाटक अडवलं, काही कळत नव्हतं आणि काही अडतही नव्हतं. पाचव्या दिवशी क्षितिजावर एक मालवाहू जहाज दिसलं. सगळे फोन घेऊन कठड्याकडे धावले. मला राग आला. किती ती गर्दी!

मामांना यातलं काही पटलं नाही. पोहे संपवून त्यांनी शेवटचा मुद्दा काढला, "आणि आंघोळीचं काय? पाणी पुरलं?"

"समुद्राचंच पाणी बोटीवर गोडं करतात. नळ कधीही सोडा."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "कधीही? चोवीस तास?"

"पंचवीस."