शिक्षक टिकवायचेत? करसवलत द्या की हो

झेडपीच्या शाळेत चांगले, डीएड-टीईटी पास झालेले शिक्षक यावेत आणि टिकावेत असं वाटतं ना तुम्हाला, मग पगाराचा विषय काढूच नका, तिजोरीवर बोजा पडतो. सरळ इन्कम टॅक्समध्ये सवलत जाहीर करून टाका. हेडलाईन झकास होते, हारतुरे मिळतात, आणि खर्च विचाराल तर काहीच नाही.

कसं ते बघा. नवीन माणसाला आधी ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून घ्यायचं. प्राथमिकला मानधन महिना १६ हजार (२०२३ च्या आधी ६ हजारच होतं, म्हणजे तक्रार करायला तोंडच नाही), वर्षाचे झाले १ लाख ९२ हजार. आता नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच बसत नाही. म्हणजे शंभर टक्के माफी दिली तरी सरकारचं काही जात नाही आणि सरांना काही मिळत नाही. सवलतीचा फायदा व्हायचा असेल तर आधी मानधन साडेसहापटीहून जास्त करावं लागेल, पण तो विषय काढायचा नाही असं ठरलंय आपलं.

अमेरिकेचं उदाहरण द्यायला विसरू नका. तिकडं शिक्षकानं पदरमोड करून वर्गाचं सामान आणलं तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. आमच्या ओळखीचे एक सर सोलापुरातनं रोज अक्कलकोटकडच्या वस्तीवर गाडीनं जातात, पोरं घरी कन्नड बोलणारी, म्हणून चित्रांची कार्डं बनवतात, कलर प्रिंट १० रुपयाला एक, स्वतःच्या खिशातनं. डिकीत भाकरी, शेंगाचटणी आणि त्याखाली तलाठी भरतीचं पुस्तक. त्यांना म्हटलं सर, बिलं जपून ठेवा, वजा होतील. तर म्हणाले, "कशातनं वजा करू ओ? शून्यातनं?"

फक्त एक सांभाळा, राज्य सरकार पगारातनं कापतं त्या व्यवसाय कराला हात लावू नका. १९७५ पासून चालू आहे, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. बाईंना २५ हजारांपर्यंत माफ आहे, सरांचा मात्र १६ हजारातनं कापला जातो. त्यांना खरोखर लागणारा टॅक्स एवढाच, तो माफ केलात तर महिन्याला वीस कार्डं जास्त निघतील, आणि मग ती सवलत खरीच द्यावी लागली की हो.