कुत्र्याच्या पिल्लाच्या रिव्ह्यूला दवाखान्याकडून उत्तर

दादा, “दोन आठवडे जंताचं औषध अन् उलटीची इंजेक्शनं दिली, मग छातीत दोष सांगून मुंबईला जा म्हणतात, लुटायचा धंदा आहे,” असं तुम्ही लिहिलंत. त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. चूक माझी.

तुमच्या आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: दूध पोटात राहतं, पण कुस्करलेली भाकरी दिली की जशीच्या तशी बाहेर पडते. तिथंच मी थांबायला हवं होतं. उलटीत उमासे येतात, पोट आत-बाहेर होतं. पिल्लाचं अन्न तर पोटापर्यंत पोचतच नव्हतं. मी उलटी समजून बसलो. त्या दोन आठवड्यांचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत, घेऊन जा.

पण दोष खरा आहे. हृदयातून निघणारी महाधमनी डावीकडून वळायला हवी, याची उजवीकडून वळलीय. गर्भात असतानाच्या एका रक्तवाहिनीचा उरलेला तंतू तिथून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत ताणला गेलाय आणि त्या फासात अन्ननलिका आवळली गेलीय. दूध निसटतं, भाकरी अडकते. बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध) पाजून काढलेल्या एक्स-रेत हृदयाच्या पुढं पिशवीसारखी फुगलेली दाखवली ना, ती हीच नळी. जर्मन शेफर्डमध्ये हा दोष जास्त दिसतो. आईंच्या खाऊ घालण्यात काहीच चुकलेलं नाही, त्यांना हे नक्की सांगा.

औषधानं फास सुटत नाही. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून तो तंतू बांधून कापावा लागतो. छाती उघडली की फुफ्फुसं आपोआप फुगत नाहीत, यंत्रानं श्वास द्यावा लागतो. ती सोय माझ्या लातूरच्या दवाखान्यात नाही, म्हणून मुंबई. तिथून मला एक रुपयाही मिळत नाही.

आता दिवस घालवू नका. फुगलेली नळी सैल पडत जाते, मग ऑपरेशन होऊनही गिळणं पुरतं सुधारत नाही. लवकर केलं तरी थोडी तक्रार राहू शकते, हेही आधीच सांगतो.

तोवर नुसती कुस्करलेली भाकरी बंद. दूध-भाकरीचा काला मिक्सरमधून पातळ करून दिवसातून चार-पाचदा थोडा थोडा द्या, पुढचे पाय खुर्चीवर ठेवून. खाल्ल्यावर 10-15 मिनिटं तसंच उभं धरा. खोकला, ताप, धाप दिसली तर अन्न फुफ्फुसात गेलेलं असू शकतं. रात्री कितीही वाजले तरी या, मी दवाखान्याच्या वरच राहतो.