पितळेला पाणी चढत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. नाव लिहिलं नाहीत, पण टूलरूममध्ये हयात गेली म्हणता, म्हणून काकाच म्हणतो. लाकडी पेटीला लावायचे पितळी कोपरे घरी कसे करायचे ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : लाल तापवलेला पत्रा पाण्यात बुडवला की कडक होणार, म्हणजे मी लोकांना उलटं शिकवतोय, पितळ तापवायची गरजच नाही, व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवावं, तडकलं तर माल भेसळीचा समजावा, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रेसवाल्याकडून काढून आणावेत. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने लिहिलं की वाचणारे ते प्रमाण धरतात, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी पाण्याचं. कोयत्याला, पटाशीला पाणी दिलं की धार टिकते, त्याबद्दल वाद नाही. पण ती करामत पोलादातल्या कार्बनची. लाल तापल्यावर कार्बन लोखंडात विरघळतो, आणि झटकन थंड केलं की बाहेर पडायला वेळ न मिळाल्याने आतच अडकून बसतो. पत्र्याचं पितळ म्हणजे ७०-३० किंवा ६३-३७ प्रमाणात तांबं आणि जस्त. त्यात असं अडकून बसणारं कोणी नाही. हा पत्रा कडक होतो तो ठोकून, वाकवून, रोलरखालून काढून. आणि नरम होतो तापवून, कारण दबलेल्या, ताणलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होतात. ते काम पत्रा गरम असतानाच उरकलेलं असतं. मग पाण्यात टाका नाहीतर विटेवर पडू द्या. मी पाण्यात टाकतो ते वेळ वाचावा आणि काळी खपली सुटावी म्हणून, आणि तेही लाली ओसरल्यावर. नाहीतर पातळ पत्रा वेडावाकडा होतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका. एकाच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापा, दोन्ही सारख्या तापवा, एक बुडवा, एक हवेत निवू द्या आणि बोटांनी वाकवून बघा. कुठली पाण्यातली ते कळलं तर सांगा. फक्त ताव बेताचा हवा, अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लाली दिसेल इतकाच, म्हणजे ५०० ते ६०० अंश. त्याहून बराच चढवला की कण मोठे होतात आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत निघतो. पांढरा धूर दिसला तर जस्त उडायला लागलं समजा (ते ९०७ अंशांना उकळतं). तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता थंड वाकवण्याचं. वाकवतो मीही थंडच. तापवतो ते त्याच्या आधी. तुमच्या हाताखालून गेलेलं पितळ बहुतेक लेथवरच्या सळईचं असणार, आयएस ३१९ या भारतीय मानकातलं. कातताना निघणारी चिप तुटून पडावी म्हणून त्यात २-३ टक्के शिसं असतं आणि तांबं साठीच्या आत-बाहेर. ते थंड वाकवलं की तडकणारच, त्यात भेसळ कसली? ते वाकवायला केलेलंच नाही. पत्र्याचं पितळ निराळं, पण तेही दुकानातून बहुधा अर्धवट कडक येतं. नखाने टिचकी मारली की खणखणतं. नरम केलेला पत्रा बद्द वाजतो आणि वाकवला तिथेच राहतो, उसळून मागे येत नाही.

कोपऱ्यात तर दोन घड्या एकमेकींना काटकोनात येतात. ४० मिलिमीटरचा चौरस घ्यायचा, त्यातला एक पाव भाग कापून टाकायचा, म्हणजे तीन चौकोन उरतात. पत्र्यावर रोलिंगच्या बारीक रेघा दिसतात. घडी त्या रेघांना समांतर आली की तिथेच चीर पडते, म्हणून चौरस त्या रेघांशी ४५ अंशांत आखायचा. मग दोन्ही घड्यांना सारखाच ताण येतो. घड्या जिथे मिळतात तिथे आधी दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं. आणि आखणी पेन्सिलीने. घडीच्या बाहेरच्या बाजूला स्क्रायबरचा (आखायच्या टोकदार सुईचा) ओरखडा राहिला की पत्रा त्याच ओरखड्यावरून फाटतो.

वाकवताना तडकलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराच्या पितळी काडतुसांना ऐन पावसाळ्यात आपोआप चिरा जायच्या. पेट्या तबेल्यांजवळ असायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना काडतुसात राहून गेलेला ताण, असे तिघे एकत्र आले की पितळ फुटतं; याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. घरात हा अमोनिया काही सफाईच्या द्रावणांतून येतो, कल्हईच्या नवसागरातूनही येतो. म्हणून घडी घातल्यावर पत्रा पुन्हा लाल तापवायचा नसेल तर तो भाग २५० अंशांच्या आसपास तासभर ठेवावा. घरच्या ओटीजीची खुंटी शेवटपर्यंत फिरवली की जेमतेम तेवढं होतं. ताण निघून जातो, कडकपणा राहतो.

तुमचा एक मुद्दा मात्र रास्त : घड्या घातल्यावर कडा जिथे मिळतात तो सांधा चांदीच्या डाकेने जोडला की सगळा कोपरा पुन्हा मऊ पडतो आणि हाताच्या दाबाने चेपतो. त्यावर उपाय पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत पाहायला मिळतो. तिथे भांडं घडवून झालं की चकचकीत तोंडाच्या हातोडीने मठारतात. ते गोल ठसे नुसते शोभेचे नसतात, त्यानेच पातळ भांड्याला ताठपणा येतो. कोपराही शेवटी पोलादी ठोकळ्यावर चढवून असाच हलक्या हाताने सगळीकडून मठारायचा आणि त्यानंतर आगीजवळ न्यायचा नाही.

प्रेसचं म्हणाल तर पाचशे कोपरे हवे असते तर तुमच्याकडेच आलो असतो. एका पेटीच्या आठ कोपऱ्यांसाठी डाय (प्रेसचा साचा) कोण करून देणार? पण अर्ध्या मिलिमीटरच्या नरम पितळेला पंच आणि डायमध्ये तुम्ही किती फट ठेवायचात, ते जरूर लिहा. घरी हातप्रेसवर चकत्या काढायच्या आहेत आणि कडेला बर (धारदार कंगोरा) राहतेय.