पेडल राहू द्या, क्षमा घ्या

परवा माझं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे गिटारचा आवाज जरा फाडणारी, पायाने दाबायची डबी, विकत घ्यायला एक गृहस्थ आले होते. पेडल त्यांनी घेतलं नाही. जाताना मला क्षमा मात्र करून गेले, आणि ती मला अजून पचलेली नाही.

माझा अपराध एवढाच, की सगळी सुटी पेडलं मोडीत काढून मी त्या सगळ्यांचं काम एकटा करणारा एक डिजिटल डबा, म्हणजे मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर घेतला. कारणं उगाळत बसत नाही. भरलेला पेडलबोर्ड उचलून जो कधी जिना चढलाय त्याला ती माहीत आहेत. बाकीच्यांना एवढंच सांगते, की प्रत्येक पेडल म्हणे नऊ व्होल्टवर चालतं. चालतं, पण ओव्हरड्राइव्ह दहाएक मिलिअँपिअरवर समाधानी असतं, आवाजाला घुमारा देणाऱ्या डिजिटल रिव्हर्बला तीनशे हवे असतात, आणि आवाज खरबरीत करणारं, जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवालं जुन्या घडणीचं फझ म्हणतं, माझं ग्राउंड पॉझिटिव्ह, मला या पंक्तीत बसवू नका. त्याला वेगळी, उलट्या टोकांची वीज. बाकीच्यांना एकाच वायरीच्या माळेत ओवलं की सगळी मिळून गुणगुणायला लागतात. आणि ऐन कार्यक्रमात आवाज गेला, की वीतभर लांबीच्या त्या केबल्समधली नेमकी कुठली मेली हे मी ओणवी होऊन शोधतेय, गायक माइकवर विनोद सांगतोय, आणि त्याचा साठा संपत आलाय. असो.

तर विक्रीची जाहिरात दिल्यावर या गृहस्थांचा फोन आला.

"पेडल कुणाचं आहे?"

"माझं."

"तसं नाही हो, वाजवतं कोण?"

"मीच."

पलीकडे जरा शांतता. मग, "हां. म्हणून विकताय."

हा प्रश्न मला साउंडचेकला विचारतात, स्टेजमागे विचारतात. गिटारची पिशवी माझ्या पाठीवर असते आणि विचारणाऱ्याची नजर माझ्यामागून गिटारवाला कुठे येतोय ते शोधत असते. त्याबद्दल लिहायला बसले तर लेख विनोदी राहणार नाही, म्हणून पुढे जाते.

गृहस्थ आले ते गिटार न घेता. खिशात स्क्रूड्रायव्हर आणि भिंग. दारातूनच त्यांना जमिनीवरचा प्रोसेसर दिसला आणि सांत्वनाला आलेली माणसं उभी राहतात तसे ते हात पुढे जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

"कधी झालं हे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"गेल्या महिन्यात."

"आधी काही लक्षणं?"

"बोर्ड उचलून पाठ दुखायची."

"अरेरे," ते म्हणाले. पाठीबद्दल नव्हे.

मी पेडल अँपला जोडलं आणि गिटार गळ्यात घातली. त्यांनी हात वर केला. "वाजवू नका. नुसतं ऑन करा." मी ऑन केलं. स्पीकरमधून खरखर यायला लागली. त्यांनी डोळे मिटले आणि ती खरखर अगदी तल्लीन होऊन ऐकली. मध्येच मान डोलावली. मला वाटलं समेवर आले.

"सूर काय, कुणीही ऐकतो," डोळे उघडून ते म्हणाले. "मी नॉइज ऐकतो. पेडलचं चारित्र्य नॉइजमध्ये असतं."

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत पेडलचा तळ उघडला होता आणि भिंग चिपवर रोखलेलं होतं. ओव्हरड्राइव्हच्या दुनियेत ४५५८ या आकड्याला कुलदैवताचा मान आहे. ही चिप म्हणजे सिग्नल वाढवणारा ऑप-अँप, तीही अगदी सर्वसाधारण, स्वस्त, त्या काळच्या कितीतरी ध्वनियंत्रांत सर्रास बसवलेली. पण ती आयबनेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये होती, तो ट्यूब स्क्रीमर थोर वादकांच्या पायाखाली होता, आणि मग पायाखालच्या गोष्टी डोक्यावर बसल्या. गृहस्थांनी मला १९७९चं टीएस-८०८ आणि १९८२चं टीएस-९ या ट्यूब स्क्रीमरच्या दोन मॉडेलांतला फरक ऐकवला. ८०८ म्हणजे मध, ९ म्हणजे विस्तव. दोन्हींच्या सर्किटमध्ये फरक म्हणाल तर जवळजवळ आउटपुटकडच्या दोन रेझिस्टरांचा, हे मी सांगून पाहिलं. ते माझ्याकडे दयेने बघत राहिले.

"मॅडम, रेझिस्टर कानाला दिसत नाहीत."

यावर काय बोलणार?

पेडल उघडं ठेवूनच त्यांनी मोर्चा प्रोसेसरकडे वळवला. जरा वाजवून दाखवा म्हणाले. मी दाखवलं.

"लॅग आहे."

"दोन-तीन मिलिसेकंद असेल."

"मला जाणवतो."

आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. ते अँपपासून चांगले दोन मीटर लांब बसले होते. म्हणजे प्रोसेसरला लागतो त्याच्या दुप्पट उशीर तर त्यांच्या खुर्चीनेच केला होता. मी हे सांगितलं. त्यांनी विचार केला, उठून खुर्ची अँपला चिकटवली, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "आता नाही जाणवत. पण आता तुमचा अँप फार जवळ आहे."

शेवटी त्यांचा खरा मुद्दा आला. "कसं आहे मॅडम, हा डबा नक्कल करतो. पेडल म्हणजे अस्सल."

इथे माझं डोकं फिरलं, आणि अजून पुरतं जाग्यावर आलेलं नाही. अस्सल? डिस्टॉर्शनचा, म्हणजे या फाटक्या आवाजाचा, उगम काय? साठच्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सिंगचा कन्सोल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास फाटक्या आवाजात रेकॉर्ड झाला. लोकांना तो फाटका आवाज आवडला. कन्सोलवर बसलेले ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट केलं आणि १९६२मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. म्हणजे मुळात ती बिघाडाची नक्कल. वर जाहिरात काय, तर याने तुमची गिटार ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबासारखी वाजेल. गिटारसारखी वाजेल असं कुणी म्हटलंच नव्हतं!

डिलेचं, म्हणजे आवाज जरा उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलचं, बघा. दरीतल्या प्रतिध्वनीची नक्कल टेपने केली. टेप गुंडाळायचा कंटाळा आला म्हणून १९६९मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत निघालेली 'बकेट ब्रिगेड' चिप पुढे पेडलांत आली. विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात, असा हातोहात सरकवत न्यायचा, म्हणजे पोचायला उशीर होतो. या हातोहातीत आवाजाची वरची धार सांडते, प्रतिध्वनी मळकट होतो. तो मळ हा दोष होता. आता डिजिटलवाले इंजिनिअर डोकं खपवून तोच मळ हुबेहूब बनवतात आणि आपण खूश होऊन म्हणतो, वा, अगदी अ‍ॅनालॉग! आणि क्लॉन सेंटॉर? नव्वदच्या दशकात बिल फिनेगन यांनी काढलेलं हे पेडल. कुणी नक्कल करू नये म्हणून त्याचं सर्किट राळेखाली पुरलेलं असायचं. आज त्याची नक्कल नसलेला प्रोसेसर शोधून काढावा लागेल. या सगळ्या खानदानात अस्सल नेमकं कोण, ते मला दाखवा.

मी हे सगळं बोलले. जरा मोठ्यानेच बोलले. गृहस्थ शांत. "तुम्ही वाचन चांगलं केलंय," म्हणाले. वादनाबद्दल अर्थातच काही नाही.

मग मी म्हटलं, परीक्षा घेऊ. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा, मी एकदा पेडलवर वाजवते, एकदा प्रोसेसरवर. ते आनंदाने तयार झाले, स्वतःच खुर्ची फिरवून बसले. मी पेडलचा तळ त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरने बंद केला, दोन्हींची पातळी सारखी लावली आणि एकच ओळ दोन्हींवर वाजवली. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर त्यांचा हात आपोआप वर गेला.

"हे! हेच! ऐकलंत? श्वास घेतंय!"

"हा प्रोसेसर होता."

खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळली. मला वाटलं, संपलं. आता हे हसतील, मीही हसेन, पेडल पिशवीत जाईल. पण नाही. त्यांनी बराच वेळ पेडलकडे पाहिलं, मग प्रोसेसरकडे, मग दोन्हींमधल्या हातभर जागेकडे.

"किती दिवस शेजारीशेजारी होते?"

"म्हणजे?"

"तेच म्हणतो मी. पेडल डिजिटल झालंय. त्याचं सत्त्व डब्यात गेलं आणि डब्याचं कोरडेपण पेडलमध्ये आलं. आता याचा काही उपयोग नाही हो."

यानंतर त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि दारात थांबून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना नाही झेपत. मी तुम्हाला माफ केलं." आणि उतरले जिना. मोकळ्या हातांनी, सुखी पाठीने.

चीड येते ती कशाची, सांगते. प्रोसेसरमध्ये खोट काढायला जागा नाही असं कुठे आहे? भरपूर आहे, आणि ती मी तासभर न थांबता काढू शकते. पण या माणसाने त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की कंपनीने भरून दिलेला एकूण एक पॅच, म्हणजे आवाजाची तयार जुळणी, रिव्हर्बमध्ये इतका भिजलेला असतो, की आधी तो पिळून वाळत घालावा लागतो. की रात्री हेडफोनवर हळू आवाजात जुळवलेला गोड पॅच बँडमध्ये लावला की ड्रमरही कान झाकतो. कारण हळू आवाजात आपल्याला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, आपण ते वाढवून ठेवतो, आणि मोठ्या आवाजात ते सव्याज वसूल होतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३मध्ये मोजून ठेवलंय. तरी यंत्रात त्यावर इलाज म्हणून एक बटणही नाही.

बटणावरून आठवलं. माझ्या ओव्हरड्राइव्हला तीन खुंट्या होत्या: ड्राइव्ह, टोन, लेव्हल. कार्यक्रमात आवाज टोचतोय वाटलं तर वाकायचं, टोन मागे घ्यायचा, उभं राहायचं. आता वाकायचं, पॅच उघडायचा, त्यातला ओव्हरड्राइव्हचा ब्लॉक निवडायचा, पान उलटायचं, टोन सापडला की तो बदलायचा, मग यंत्र विचारतं 'सेव्ह करायचं?', आणि तोवर गाणं संपून टाळ्याही थांबलेल्या असतात. दिवसभर ऑफिसात स्क्रीनपुढे बसून मी संध्याकाळी गिटार घेते ती दुसऱ्या स्क्रीनपुढे ओणवं होण्यासाठी नव्हे. आणि एकाच बटणाला दोन कामं देण्याची कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? दाबलं तर डिले, दाबून धरलं तर ट्यूनर. सोलोच्या ऐन टोकाला पाय क्षणभर जास्त टेकला, की डिले राहिला बाजूला, आवाज बंद, आणि पडदा मला हिरव्या दिव्यात आदराने कळवतो, की तुमची तार सुरात आहे. सुरात आहे हे ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं ना! शिवाय तालमीला निघायच्या वेळी यालाच नेमकं नवं फर्मवेअर हवं असतं. फझने इतक्या वर्षांत अशी मागणी कधी केली नाही. त्याला फक्त उलटी वीज हवी होती.

तरी ठेवणार आहे मी प्रोसेसर. पाठ माझी आहे.

हे लिहीत असतानाच गृहस्थांचा मेसेज आला. 'नमस्कार मॅडम. ते पेडल अजून आहे का? माझ्या एका मित्राला हवंय. त्याला टोनचं एवढं कळत नाही, चालून जाईल. फक्त ते खराब झालेलं असल्यामुळे किंमत निम्मी करावी लागेल.'

मी पेडल उलटं करून पाहिलं. तळाला एक स्क्रू कमी आहे. गडबडीत तळ बंद करताना लक्षात आलं नाही, पण तो त्यांच्या भिंगासोबत खिशात गेलेला दिसतोय. मी लिहिलं, 'किंमत कमी होणार नाही. मित्राला स्वतः यायला सांगा. आणि येताना त्याच्या हाती माझा स्क्रू पाठवा.'

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.